मुंबई–सुएझ आगबोट टपाल: खर्च कोणाचा, पैसा कुठला? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

१८३० ते १८७४ या काळात मुंबई आणि सुएझ यांच्यात चाललेल्या आगबोट टपालाच्या जमाखर्चाबद्दल जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. शतकाच्या मध्याला १ पौंड म्हणजे सुमारे १० रुपये, एवढं लक्षात ठेवलं तरी बहुतेक आकडे उलगडतात.

या सेवेत नवीन असं काय होतं?

त्याआधी विलायतेचं टपाल शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून येई. एका बाजूच्या प्रवासाला चार ते सहा महिने लागत. मुंबईहून लिहिलेल्या पत्राचं उत्तर वर्षाच्या आत आलं तर नशीब. नव्या मार्गाचे तीन तुकडे होते: इंग्लंड ते अलेक्झांड्रिया समुद्र, अलेक्झांड्रिया ते सुएझ जमीन आणि नाईल, आणि सुएझ ते मुंबई पुन्हा समुद्र. पैशाचं भांडण प्रामुख्याने या तिसऱ्या तुकड्यावर झालं, आणि तो तुकडा मुंबई सरकारच्या गळ्यात होता.

पहिली सफर १८३० साली झाली. मग नियमित सेवेला १८३७-३८ का उजाडलं?

पहिली सफर यशस्वी झाली, पण तिचा हिशेब जमेना. 'ह्यू लिंडसे' ही ४११ टनांची आगबोट मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधली गेली होती. तिला ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं होती. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुएझला पोचली. प्रत्यक्ष चालण्याचे दिवस सुमारे २१. बाकीचे दिवस एडन, जेद्दा आणि कोसेर इथे कोळसा भरण्यात गेले.

बोट बांधताना साडेपाच दिवसांच्या कोळशाची जागा धरली होती आणि एडन होतं ११ दिवसांवर. मग कोठ्या, केबिनी, डेक, जिथे जागा दिसली तिथे कोळसा रचला. बोट इतकी खोल बसली की चाकांची पाती पाण्यात रुतून वेग उतरला. एडनला पोचली तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा उरला होता.

ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या डायरेक्टर मंडळाने खर्चाचा आकडा पाहिला, टपालाची जमा पाहिली, आणि पुढच्या सफरींबद्दल नाराजी कळवली. त्यानंतर बोट अधूनमधून, वर्षाकाठी एखादी फेरी करत राहिली. लंडनचा कल तेव्हा दुसरीकडे होता. १८३४ साली ब्रिटिश संसदेने युफ्रेटिस नदीचा मार्ग चाचपण्यासाठी २०,००० पौंड मंजूर केले. १८३६ मध्ये त्या मोहिमेतली 'टायग्रिस' ही बोट वादळात बुडाली आणि तांबड्या समुद्राचा पर्याय पुन्हा पुढे आला.

मुंबई सरकारने लंडनची परवानगी न घेता स्वतःच्या तिजोरीतून सेवा का चालवली नाही?

दोन कारणं. एक म्हणजे मुंबई इलाखा कायम तोट्यात असे आणि बंगालच्या शिलकीतून तो तोटा भरून निघे. ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याने नवा खर्च काढला की कलकत्त्यात कपाळाला आठ्या पडणारच.

दुसरं कारण कायद्याचं. १८३३ च्या सनदी कायद्याने मुंबई आणि मद्रासच्या गव्हर्नरांचा खर्चाचा हात बांधला. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलची आगाऊ मंजुरी नसेल तर नवी जागा निर्माण करता येत नसे, की नवा पगार वा भत्ता देता येत नसे. म्हणून १८३३ नंतरच्या मुंबईच्या प्रस्तावांची भाषा एकदम विनवणीची होते. एल्फिन्स्टनने १८२० च्या दशकात हाच मार्ग सुचवला होता आणि मॅल्कमच्या कारकिर्दीत 'ह्यू लिंडसे' सोडली गेली. त्या दोघांना मिळालेली मोकळीक पुढच्या गव्हर्नरांना मिळाली नाही.

लोकवर्गणी झाली होती ना?

झाली होती. कलकत्त्यात आधी, मुंबईत १८३३ मध्ये 'स्टीम फंड' निघाले. कलकत्त्याचं बक्षीस तर १ लाख रुपयांचं होतं. इंग्लंड–बंगाल अंतर सरासरी ७० दिवसांत काटायचं, अशी अट होती. १८२५ मध्ये 'एंटरप्राइझ' ही आगबोट केपमार्गे, म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून आली तेव्हा तिला ११३ दिवस लागले. सरकारने ती बोट ४०,००० पौंडांना विकत घेऊन ब्रह्मदेशाच्या युद्धाकडे वळवली. वर्गणीतून एखादी सफर निघते. दर महिन्याला बोट सोडायची तर वर्गणी पुरत नाही.

टपालासाठी रयतेवर वेगळा कर बसवला होता का?

मुंबई–सुएझ सेवेसाठी नाही. खर्च सर्वसाधारण महसुलातून होई. त्यात जमीनमहसूल सर्वांत मोठा. मग मीठ, जकात आणि माळव्याच्या अफूवरचा पास.

अफूचा भाग समजून घेण्यासारखा आहे. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जाऊ द्यायची तर कंपनी पेटीमागे पासाचे पैसे घेई. १८३० च्या सुमारास दर १७५ रुपये होता. मधे तो उतरला. सिंध घेतल्यावर दमण-कराचीची चोरवाट बंद झाली आणि १८४७ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. जलद टपालाची सर्वांत मोठी गरज असलेल्या व्यापाऱ्यांत हे अफूवाले आणि कापूसवाले होते. म्हणजे सेवेचा लाभ घेणाऱ्या काहींचा पैसा तिजोरीत येत होता, हे खरं.

मिठाची गोष्ट वेगळी. मुंबई इलाख्यात १८३७ मध्ये मिठावर मणामागे ८ आणे बसले. १८४४ मध्ये सरकारने ते एक रुपया केले, सुरतेत दंगल झाली आणि दर १२ आण्यांवर आणावा लागला. हे पैसे टपालाच्या नावावर घेतले नव्हते. पण सगळं एकाच तिजोरीत पडत होतं, आणि ज्याने जन्मात विलायतेला पत्र पाठवलं नाही त्याचाही त्यात वाटा होता. 'टपाल स्वतःच्या पायावर उभं होतं' असं कुठे लिहिलेलं दिसलं तर ही बाजू विसरू नये.

१८३७ ची वाटणी काय होती?

अलेक्झांड्रियापर्यंतचं टपाल ब्रिटिश सरकारने न्यायचं, सुएझ–मुंबई कंपनीने. त्यासाठी ब्रिटिश तिजोरीतून कंपनीला वर्षाला ५०,००० पौंड. बोटी 'इंडियन नेव्ही'च्या, म्हणजे पूर्वीच्या बॉम्बे मरीनच्या. 'अटलांटा' आणि 'बेरेनिस' या दोन नव्या आगबोटी विलायतेहून आल्या आणि पुढे ताफा वाढला. त्यातली 'झेनोबिया' आधी आयर्लंडहून इंग्लंडला डुकरं नेत असे. प्रवाशांना ही माहिती आवडली नसणार.

बोट चालवायचा खर्च नेमका कशावर होई?

मुख्यतः कोळशावर. आणि कोळशाच्या किमतीपेक्षा तो योग्य ठिकाणी नेऊन ठेवण्यावर.

त्या काळच्या सागरी इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला ढोबळमानाने ८ ते १० पौंड (वजनाचा पौंड) कोळसा लागे. १६० अश्वशक्तीच्या बोटीला ९ पौंड धरले तर दिवसाला साधारण १५ टन, ११ दिवसांना १७० टन. हा कोळसा विलायतेचा. तो शिडाच्या जहाजातून केपमार्गे मुंबईला येई. इथे उतरवायचा, पुन्हा गलबतांत भरायचा आणि एडन, जेद्दा, कोसेर, सुएझ इथे आधीच नेऊन ठेवायचा. प्रत्येक चढउतारात हमाली, प्रत्येक ठिकाणी चूर आणि चोरी, आणि उघड्यावर पडून राहिलेल्या कोळशाची धग कमी. कोळशाचं गलबत वाऱ्यात अडकलं तर टपालाची बोट बंदरात हात चोळत उभी.

त्याखालोखाल बॉयलर. बॉयलरला समुद्राचंच पाणी घालत, त्यामुळे आत मिठाचा थर बसे. दर काही तासांनी खारट पाणी बाहेर सोडून ताजं भरावं लागे आणि त्यात उष्णता वाया जाई. थर जाड झाला की पत्रा तापून फुगे. बॉयलर काही वर्षांतच बदलावा लागे आणि तो विलायतेहून येई. म्हणून बोट दोन असल्या तरी एक बहुधा दुरुस्तीला. मासिक सेवेला चार-पाच बोटी लागतात, हे लंडनला पटवण्यात मुंबईची बरीच शाई खर्ची पडली. गोदीतल्या यंत्रशाळेचे मुख्य अभियंता म्हणून १८४१ मध्ये अर्देशीर करसेटजी वाडिया नेमले गेले. त्याच वर्षी ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय.

मनुष्यबळ तुलनेने स्वस्त पडे: डेकवर कोकणातले खलाशी, भट्टीवर सिद्दी.

पावसाळ्यात टपाल बंद का असे?

जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा थेट नाकावर. कमी ताकदीची बोट मुंबई–एडन सरळ रेषेत जाऊच शकत नसे. दक्षिणेला मोठा फेरा घ्यायचा तर कोळसा पुरत नसे. १८३८ च्या पावसाळ्यात 'सेमिरामिस' टपाल घेऊन निघाली आणि परत फिरली. उलट दिशेला, एडनहून मुंबईला येताना, तोच वारा पाठीशी असे. जास्त अश्वशक्तीच्या बोटी आल्यावर बारमाही सेवा जमली, कोळशाचं बिल मात्र आणखी फुगलं.

एडन टपालासाठी घेतलं, हे खरं का?

मोठ्या प्रमाणात. १८३५ मध्ये सोकोत्रा बेटाचा प्रयत्न झाला होता, तो फसला. १९ जानेवारी १८३९ रोजी इंडियन नेव्हीचा कॅप्टन हेन्स याने एडन घेतलं. निमित्त एका लुटलेल्या जहाजाचं होतं, गरज कोळशाच्या वखारीची. त्यानंतर एडनची शिबंदी, तटबंदी आणि कारभार मुंबईकडे आला. हा खर्च लष्करी खात्यात पडे, टपालाच्या हिशेबात तो दिसत नाही.

टपालहशिलातून एवढा खर्च निघत नव्हता का?

साधा गुणाकार करून पाहा. साउथॅम्प्टनमार्गे अर्ध्या औंसाच्या पत्राला १ शिलिंग हशील, म्हणजे टपालाचा आकार (२० शिलिंग म्हणजे १ पौंड). मुंबई–सुएझचा वर्षाचा खर्च १८५० च्या सुमारास १,०५,००० ते १,१०,००० पौंड. खालचा आकडा घेतला तरी २१ लाख शिलिंग झाले, म्हणजे वर्षाला २१ लाख पत्रं हवीत. आणि तेही पूर्ण शिलिंग या एका तुकड्याला मिळाला तर. प्रत्यक्षात तो इंग्लंडपासूनच्या सगळ्या टप्प्यांत वाटला जाई. मार्सेलमार्गे टपाल लवकर पोचे आणि हशील जास्त पडे, पण तो जादा पैसा फ्रान्सच्या वाटेवर खर्च होई.

कंपनीला मैलाला ३० शिलिंग लागत आणि पी अँड ओ (पेनिन्सुलर अँड ओरिएंटल ही खासगी आगबोट कंपनी) त्याच्या पाव पैशात तयार झाली. ईस्ट इंडिया कंपनी उधळी होती का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्याचं नेहमीचं उत्तर 'हो' असं अर्धवट दिलं जातं.

आकडे आधी. मुंबई–सुएझ सुमारे २,९५० सागरी मैल. महिन्याला एक फेरी म्हणजे वर्षाला २४ वेळा हे अंतर, एकूण ७०,८००. त्याने १,०५,००० पौंडांना भागलं की मैलाला जवळजवळ ३० शिलिंग येतात. १८५१ च्या संसदीय समितीपुढे याच प्रकारची तुलना झाली. पी अँड ओ तेव्हा सुएझ–कलकत्ता मार्गावर वर्षाला १,१५,००० पौंड घेत होती, मैलाला सुमारे २० शिलिंग. १८५४ मध्ये तिने मुंबई–सुएझही घेतलं, फक्त २४,७०० पौंडांत. म्हणजे मैलाला सहा-सात शिलिंग.

आता तुलना कुठे चुकते ते. ३० शिलिंग हा बोट चालवण्याचा पूर्ण खर्च आहे. सहा-सात शिलिंग हे फक्त अनुदान. पी अँड ओचा बाकीचा खर्च प्रवासी भाडं, सोनंनाणं, रेशीम आणि मुंबई–चीन मार्गावरची अफू यांतून निघे. नेव्हीच्या बोटीत माल जवळजवळ नव्हता. प्रवासी होते, पण आरमारी अधिकाऱ्यांना पाहुण्यांची सरबराई करायची हौस नव्हती.

दुसरं, त्याच बोटी युद्धालाही जात. चीनच्या पहिल्या अफू युद्धात 'अटलांटा', 'ऑकलंड', 'सेसोस्ट्रिस' तिकडे गेल्या. बोट युद्धावर असताना तिची झीज कोणत्या खात्यात धरायची? टपालाच्या नावाने ब्रिटिश तिजोरीचे ५०,००० पौंड मिळत राहतात आणि हाताशी लढाऊ आगबोटी राहतात, हा कंपनीचा खरा फायदा होता. म्हणून १८५१ नंतरही ती ही सेवा सोडायला नाखूश होती. अकार्यक्षमता होतीच, पण ३० आणि ७ मधला सगळा फरक अकार्यक्षमतेचा नव्हे.

सुएझ ते अलेक्झांड्रिया टपाल कसं जाई?

सुएझहून कैरोपर्यंत ८४ मैल वाळवंट, उंट आणि घोडागाड्या. तिथून नाईलमध्ये होडीने अत्फे, मग महमुदिया कालव्यातून अलेक्झांड्रिया. या वाटेची पहिली व्यवस्था टॉमस वॅगहॉर्नने लावली. १८४० च्या दशकात ती इजिप्तच्या पाशाने हाती घेतली. अलेक्झांड्रिया–कैरो रेल्वे १८५६ मध्ये झाली, सुएझपर्यंत १८५८ मध्ये.

मुंबईत उतरलेलं टपाल पुढे कसं जाई? त्याचा खर्च वेगळा होता का?

वेगळा, आणि १८५४ पूर्वी अवजड. १८३७ च्या कायद्याने टपालाची मक्तेदारी सरकारकडे आली, पण हशील अंतर आणि वजन दोन्हींवर होतं. मुंबई–कलकत्ता तोळ्याला १ रुपया. हरकाऱ्यांच्या टप्प्याटप्प्याच्या साखळीने थैली पुण्यावरून, नागपूरवरून पूर्वेला जाई.

१८५० च्या टपाल आयोगाच्या शिफारशीवरून १ ऑक्टोबर १८५४ पासून अंतराची अट गेली: पाव तोळ्याला अर्धा आणा, अर्ध्या तोळ्याला १ आणा, तोळ्याला २ आणे. तोळ्याचं मुंबई–कलकत्ता पत्र एकदम आठपट स्वस्त. मुंबई, मद्रास, बंगालची वेगळी खाती जाऊन एका डायरेक्टर जनरलच्या हाताखाली सगळं आलं. हशील न भरलेल्या पत्राला दुप्पट आकार लागे, कारण पत्र नाकारलं गेलं तर ने-आण फुकट जाई.

बंगालमध्ये गावोगावच्या डाकेचा बोजा जमीनदारांवर टाकलेला होता. मुंबई–सुएझच्या बाबतीत असा कोणी मधला माणूस नव्हता.

१८५७ नंतर काय बदललं?

तिजोरी रिकामी झाली. फेब्रुवारी १८६० मध्ये जेम्स विल्सनने हिंदुस्थानचा पहिला अर्थसंकल्प मांडला आणि आयकर आणला: २०० ते ५०० रुपये उत्पन्नाला २ टक्के, त्यावर ४ टक्के. अर्ध्या आण्याचा दर मात्र वाढवला नाही. टपालाची कंत्राटं १८६० पर्यंत ब्रिटिश आरमार खातं करत असे, नंतर ती लंडनच्या टपाल खात्याकडे गेली. इंडियन नेव्ही १८६३ मध्ये मोडली.

१८६७ च्या करारात 'लाभांशाची अट' होती म्हणतात, ती काय?

पी अँड ओला वर्षाला ४ लाख पौंड द्यायचे ठरले. भागधारकांना ८ टक्के लाभांश देता आला नाही तर ही रक्कम ५ लाखांपर्यंत वाढणार होती. ८ टक्क्यांवर नफा झाला तर त्यातला हिस्सा सरकारला. कागदावर हे न्याय्य दिसतं. पण काटकसर करायची गरजच कंपनीला उरत नाही, आणि तिचा घसारा व विमा फंड कसा धरला यावर सरकारचं बिल ठरतं. १८७० मध्ये ही अट काढून सरळ ४,५०,००० पौंड ठरवले. बोजा ब्रिटन आणि हिंदुस्थान यांच्यात वाटला जाई. करार लंडनमध्ये होत आणि हिंदुस्थानच्या वाट्याचे पैसे इथल्या महसुलातून पौंडांत जात.

याच करारातून मुंबईला आठवड्याचं टपाल मिळालं. मार्च १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई–कलकत्ता रेल्वे जोडली गेली आणि हिंदुस्थानचं विलायती टपाल मुंबईतूनच जाऊ लागलं.

नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, तरी टपाल इजिप्तच्या रेल्वेनेच का जात राहिलं?

करारात तसं होतं आणि लंडनच्या टपाल खात्याला रेल्वेचा वेळ जास्त खात्रीचा वाटे. परिणाम असा की माल कालव्यातून आणि टपाल रेल्वेने, एकाच कंपनीच्या बोटीतून. १८७४ मध्ये कालव्याला परवानगी मिळाली, त्या बदल्यात अनुदान २०,००० पौंडांनी कमी करून ४,३०,००० झालं.

अनुदान आणि हमी यांत फरक काय?

अनुदान सेवा चालेपर्यंत द्यायचं. हमी सेवा बंद पडली तरी. १८५९-६० च्या तांबड्या समुद्राच्या तारेला ८ लाख पौंड भांडवलावर साडेचार टक्क्यांची ५० वर्षांची बिनशर्त हमी होती. तार सुएझहून कराचीपर्यंत टाकली आणि लगेच निकामी झाली. वर्षाचे ३६,००० पौंड देणं मात्र सुरूच, त्यातला अर्धा भार हिंदुस्थानवर. टपालाच्या करारात निदान उशिराचा दंड होता.

जुने आकडे वाचताना काय सांभाळावं?

आर्थिक वर्ष आधी तपासा. १८६६ पर्यंत ते ३० एप्रिलला संपे. १८६६-६७ हे वर्ष ११ महिन्यांचं आहे, त्यानंतर १ एप्रिल ते ३१ मार्च. त्या एका वर्षाची घट खरी घट समजू नका.

१८३५ पूर्वीचे रुपये कोणते, हेही पाहा. सिक्का रुपया आणि मुंबईचा रुपया सारखे नव्हते. १८३५ नंतर कंपनीचा एकच रुपया: १६ आणे, १९२ पै. तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. १८७३ नंतर चांदी घसरू लागली, तेव्हा १० रुपयांचा पौंड धरणं सोडा.

ढोबळ आणि निव्वळ खर्च वेगळे ठेवा. कंपनीचे १,०५,००० पौंड ढोबळ आहेत. ब्रिटिश सरकारचे ५०,००० वजा केले की हिंदुस्थानवरचा बोजा ५५,००० उरतो. दोन लेखक दोन आकडे देतात तेव्हा बहुधा घोळ इथेच असतो.

घरी जुनं पाकीट आहे. हशील भरलं होतं की नाही, कसं ओळखायचं?

ब्रिटिश पद्धतीत हाताने लिहिलेला आकडा लाल शाईत असेल तर हशील आधी भरलेलं, काळ्या शाईत असेल तर घेणाऱ्याकडून वसूल करायचं. कोपऱ्यात 'व्हाया मार्सेल' किंवा 'व्हाया साउथॅम्प्टन' असा पाठवणाऱ्याचा शेरा शोधा. मागच्या बाजूचे शिक्के तारखांच्या क्रमाने मांडले की बोट कोणती ते ठरवता येतं. पाकीट पाण्याने पुसू नका, लाल शाई आधी जाते.

मूळ कागद कुठे मिळतील?

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात. फक्त टपालाच्या फायली मागवून थांबू नका. कोळशाचा आणि बोटींचा खर्च आरमारी खात्याच्या कागदांत सापडतो.